मदत व पुनर्वसन मंत्री साहेब, पैसे नेमके द्यायचे कुठे?

मा. मंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार वगैरे. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, परांडा, करमाळा, माढा भागातली गावं पाण्याखाली गेली, तेव्हा आमच्या सोसायटीने वर्गणी काढली. खजिनदार मी, कारण मीटिंगला उशिरा पोचणाऱ्याच्या गळ्यात हेच पद पडतं. पैसे एका ट्रस्टला दिले, म्हणाले बिलं आणि गावांची यादी लगेच पाठवतो. यादी अजून नाही. काल मात्र फोटो आला, किटच्या पिशवीवर एक हसरे पुढारी आणि खाली "यांच्या सौजन्याने". अहो सौजन्य कसलं, त्यातलं तेल आमच्या सी विंगच्या आजींच्या पेन्शनचं होतं!

आता लिफ्टमधे लोक विचारतात, "काका, हिशोबाचं काय झालं?" सूर असा की मी त्या पैशात पोराचं लग्न उरकलं. बायको म्हणते, नसत्या उठाठेवी. बीपीची गोळी वाढलीय, तिची पावती आहे हां माझ्याकडे.

तुम्ही म्हणाल मुख्यमंत्री सहाय्यता निधीत भरायचे होते. तिथे दिलेल्या दानावर टॅक्समधे 100 टक्के सूट, पण नव्या टॅक्स रिजीममधे ती मिळतच नाही आणि डिफॉल्ट तीच रिजीम. कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या सक्तीच्या खर्चातून द्यायचे तर पीएम केअर्स निधीचे धरतात, मुख्यमंत्री निधीचे नाही. पूर महाराष्ट्रात, सवलत दिल्लीत. आणि पीएम केअर्सच्या नावात पंतप्रधान, वेबसाइटवर अशोकस्तंभ, पण माहिती अधिकारात विचारलं की आम्ही सरकारी नाहीच. वा! इकडे उसाला टनामागे 15 रुपये कापायचं ठरलं, 10 मुख्यमंत्री निधीला 5 पूरग्रस्तांना, ओरड झाल्यावर म्हणे शेतकऱ्याचे नाहीत, कारखान्याच्या नफ्यातले. तो नफा काय आभाळातून पडतो?

माझ्या मेहुण्याची जमीन परांड्यात, माती खरडून गेली, खाली नुसता मुरूम. पोचलं काय तर जुन्या साड्या आणि बिस्किटं, तेही हायवेलगतच्या गावांनी घेऊन उरलेलं. त्याला पाहिजे होता कडबा, मोटर आणि शेतात टाकायला गाळ. पॅकेजमधे तुम्ही अशा जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि 3 लाख नरेगातून, म्हणजे रोजगार हमीतून जाहीर केले. गाळ टाकणारा ट्रॅक्टरवाला नरेगाचं मस्टर भरेपर्यंत थांबतो का, जरा विचारून बघा.

मागणं एवढंच, तलाठ्याकडून गाववार यादी घ्या, काय हवंय, काय पोचलं, ऑनलाइन टाका, आणि पिशवीवर कोणाचाही फोटो नको. पण हे कसं होणार, इथे नाला साफ व्हायच्या आधी साफ केल्याचा बोर्ड लागतो, दहातल्या नऊ बोर्डांवर तेच चेहरे. आम्ही टॅक्स भरायचा, टोल भरायचा, पूर आला की वर्गणीही आम्हीच काढायची, मग मंत्रालयाच्या एवढ्या मजल्यांवर चालतं काय?

पुढच्या वेळी मी पैसे थेट मेहुण्याच्या गावातल्या कडबेवाल्याला पाठवणार. सूट नको आणि तुमचा निधीही नको.

आपला,
सोसायटीचा खजिनदार (अजून तरी), पुणे