सर, तुम्ही कोड उघडायच्या आधी ताईंच्या शेजारी बसलात

सर,
नाव टाकू नकोस म्हणालात म्हणून नाही टाकत, पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

लोहार चाळीतल्या आमच्या दुकानाचं बिलिंग अजून जुन्या विनफॉर्म्सवर (विंडोजवरचे फॉर्म बनवायची मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत) चालतं हे तुम्ही बघितलंच. काउंटरवरच्या ताई नग 10 चे 12 करायच्या आणि छापलेल्या बिलावर मात्र 10 च, तेही कधी व्हायचं कधी नाही, आणि गिऱ्हाईकाची बोलणी खायच्या त्या ताईच. आधी एकाने चांगले पैसे घेऊन दर सेकंदाला फॉर्म रिफ्रेश करणारा टायमर बसवला, त्याने तर टाइप करता करताच आकडा उडायला लागला. दुसरा म्हणे सगळं वेबवर नव्याने करा, आणि वर "तुमच्या ऑपरेटरलाच जमत नाही" असं ताईंच्या तोंडावर बोलून गेला. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही माझ्या.

तुम्ही स्टूल ओढलंत आणि म्हणालात, "ताई, रोज करता तसं एक बिल करा, मी नुसता बघतो." तिथेच सापडलं की हो! ताई आकडा बदलून टॅब न दाबता थेट वरच्या टूलबारमधलं प्रिंट दाबतात, ते बटण फोकस घेतच नाही, कर्सर नगाच्या चौकटीतच राहतो, आणि बाइंडिंग (चौकट आणि आतला डेटा यांची जोडणी) मुळात ऑनव्हॅलिडेशनवर, म्हणजे चौकट सोडल्याशिवाय आकडा खालच्या ऑब्जेक्टपर्यंत, जिथून बिल छापलं जातं तिथपर्यंत, पोचतच नाही. मग तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "ताई, चूक तुमची नाही, प्रोग्रामची आहे." ताईंनी पदराने डोळे पुसले सर, तुम्ही तेव्हा स्क्रीनकडे वळला होतात.

पुढचं काय, नगाची चौकट ऑनप्रॉपर्टीचेंज्डवर (आकडा बदलला की लगेच आत पोचतो) नेलीत, कोडमधल्या क्लासला आय-नोटिफाय-प्रॉपर्टी-चेंज्ड (बदल झाला की फॉर्मला कळवायची सोय) जोडलंत, नग बदलले की एकूण रकमेचाही इव्हेंट, म्हणजे निरोप, जातो, आता आकडा दाबला की खाली रक्कम लगेच हलते. ही सोय मायक्रोसॉफ्टच्या 2005 च्या डॉटनेट 2.0 पासून आहे, पैसे घेणाऱ्यांना माहीत नसेल असं मला नाही वाटत, शेजारी बसून बघायची तयारीच नव्हती त्यांची. हुशार माणसं खूप बघितली, पण समोरच्याला कमी न लेखणारा माणूस भेटला की कामाचा शीण जातो.

आता स्टॉकच्या फॉर्मला हेच लावतोय. अडलो तर फोन करणार, हक्काने.