साहेब, निदान माहिती वाचायला तरी लॉगिन मागू नका

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

साहेब नमस्कार,

माझं तालुक्याच्या गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, दिवसभर सरकारी साइटीच उघडून बसलेलो असतो. एका खात्याच्या साइटवर आता योजनेची नुसती माहिती बघायची तरी आधी रजिस्ट्रेशन करावं लागतं. मोबाईल, ओटीपी, ईमेल, पासवर्ड सगळं. अर्ज करायला मागितलं तर समजू शकतो, पण कागदपत्रं कोणती लागतात एवढं वाचायला कशाला?

सोमवारी एक आजी आल्या होत्या. बटनाचा फोन, नंबर पाठ नाही म्हणून चिठ्ठीवर लिहून कव्हरमध्ये ठेवलेला. तीनदा ओटीपी पाठवला, येईचना, मग बघितलं तर मेसेज बॉक्स फुल. एकेक मेसेज डिलीट करत बसलो, ओटीपी आला तोवर टाइम संपलेला, आणि पुन्हा केलं तर पुढे ईमेल मागितला. आजींचा कुठला ईमेल? त्यांना फक्त उत्पन्नाचा दाखला लागतो का नाही एवढंच विचारायचं होतं, त्यात दोनची एसटी गेली.

दुसरं नुकसान तर ऑफिसात बसून दिसतच नसणार. आधी गूगलवर योजनेचं नाव मराठीत टाकलं की खात्याचंच पान वर यायचं. पण गूगलचा जो बॉट पानं वाचत फिरतो त्याच्याकडे ना मोबाईल ना ओटीपी, तो लॉगिनपाशी अडतो, आतलं त्याला वाचता येत नाही म्हणून सर्चमध्येही येत नाही. मग वर काय येतं, तर जाहिरातींनी भरलेल्या खाजगी साइटी, त्यावर गेल्या वर्षीची तारीख आणि नको असलेल्या कागदांची यादी. लोक त्याच्याच प्रिंट घेऊन माझ्याकडे येतात, कुणी तर नको असलेल्या प्रतिज्ञापत्रावर पैसे घालवून आलेला असतो. रजिस्ट्रेशनमुळे किती लोक आले ते मोजता येतं म्हणतात, पण फॉर्म बघून परत गेले ते कुठल्या आकड्यात येतात?

न्यूयॉर्क टाइम्सने 2005 मध्ये आपले स्तंभलेख पैसे भरणाऱ्यांपुरते बंद केले होते आणि 2007 मध्ये ते परत उघडले, कारण सर्चवरून येणारा वाचक वाढला होता आणि तोच दारातून परत जात होता. तिथे निदान पैसे तरी मिळत होते हो. आणि एवढं लांब कशाला, आपला मराठी विश्वकोश बघा, शासन निर्णयांची साइट बघा, कुठेही लॉगिन नाही, थेट वाचता येतं. माझं निम्मं काम जीआर बघूनच चालतं, त्यासाठी मनापासून आभार.

माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4 पण हेच सांगतं की लोकांना अर्ज करायची वेळच कमी यावी म्हणून खात्याने माहिती स्वतःहून द्यायची.

म्हणून विनंती एवढीच की पात्रता, कागदपत्रं, तारखा आणि कोरा फॉर्म लॉगिनच्या बाहेर ठेवा, साध्या मजकुरात, फोटो काढून टाकलेली पीडीएफ नको कारण ती पण सर्चला नीट सापडत नाही. अर्ज भरताना खुशाल ओटीपी घ्या.

आजींना मी माझ्या जुन्या प्रिंटवरून यादी हाताने लिहून दिली आहे. ती यंदाही तीच आहे का हे मला अजून उघडून बघता आलेलं नाही.

आपला,
एक फॉर्म भरणारा दुकानदार