डावरी बायको, दोघांचा भात आणि एक आटलेला स्वेटर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर लिहायला बसलोय आत्ता. "लग्न झालं की मित्र विसरतात" हे तू दोनदा लिहिलं आहेस, तेव्हा गुन्हा कबूल. पण उशिराचं खरं कारण तुझा प्रश्नच आहे. "कसं चाललंय?" याला नुसतं "मस्त" म्हणायचं असतं तर फोनवर दोन अक्षरं टाकून मोकळा झालो असतो. नीट सांगायचं तर भातापासून सुरुवात करावी लागेल.

आपण एकत्र राहायचो तेव्हा स्वयंपाक म्हणजे एक तवा, सहा अंडी आणि तुझा आत्मविश्वास. तेवढ्या भांडवलावर मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, की भात माझ्याकडे. आईला शेकडो वेळा करताना पाहिलेला होता. घरात सात माणसं, चार वाट्या तांदूळ, पाच वाट्या पाणी. इथे दोघंच, म्हणून एक वाटी तांदूळ आणि सव्वा वाटी पाणी. हिशोब चोख. भात मात्र खाली करपलेला, वर कच्चा, आणि मध्ये कुठेतरी खाण्यासारखे पाच-सहा घास. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी तांदळाला नावं ठेवली.

चौथ्या दिवशी ही शांतपणे म्हणाली, "पाच वाट्यांतलं पाणी जातं कुठे, ते बघ की." बघितलं. तांदूळ पाणी पितो ते साधारण आपल्या मापाचं, वाटीला वाटी. उरलेलं वाफ होऊन जातं. आणि वाफ किती जाणार ते पातेल्याचं तोंड, झाकण, आच आणि वेळ ठरवतात. आत तांदूळ किती आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. आईच्या पाच वाट्यांतल्या चार तांदळाने प्यायल्या, एक उडून गेली. आमच्याही पातेल्यातून जवळपास एक वाटी उडायचीच. म्हणजे चाराला पाच, पण एकाला दोन! तेव्हापासून भात जमतो. मी आईला फोन करून हा शोध सांगितला, तर ती म्हणाली, "मग? कमी तांदळाला पाणी जास्तच लागतं." लहानपणापासून हे एकदाही का सांगितलं नाही म्हणून विचारलं, तर म्हणे तू कधी विचारलंस?

कांद्याचंही असंच. "कांदा गुलाबी होईस्तोवर परता, पाच मिनिटं" असं लिहिणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. गुलाबी ठीक, पण खरा खमंग तपकिरी कांदा मंद आचेवर चाळीस मिनिटं मागतो. कांद्यात वजनाच्या जवळजवळ नव्वद टक्के पाणीच. ते आहे तोवर कांदा शंभर अंशांच्या वर चढत नाही, नुसता शिजतो. पाणी सरलं की मग रंग धरतो. या रंग धरण्यामागची एक मोठी रासायनिक क्रिया लुई-कामी मायार या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये मांडली आणि तिला आजही त्याचंच नाव आहे. हे मी हिला कांदा परतता परतता सांगत होतो. तेवढ्यात कांदा जळला.

आता मुख्य बातमी. ही डावरी आहे. हो, तुला माहीत आहे, मलाही लग्नाआधी माहीत होतं. सही डाव्या हाताने करते, एवढं. डावरं असणं म्हणजे काय ते एका स्वयंपाकघरात दोघं उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पहिला महिनाभर मला वाटायचं, ही ब्रेड निष्काळजीपणे कापते. प्रत्येक काप वर पातळ, खाली जाड. मी एकदा बोलूनही दाखवलं. हिने सुरी माझ्या डाव्या हातात दिली आणि म्हणाली, काप. माझा काप तिच्याहून वाईट! मग सुरी उजेडात धरून दाखवली. दातेरी सुरीची धार बहुतेक वेळा एकाच अंगाने घासलेली असते, उजव्या हाताच्या सोयीने. डाव्या हातात ती सरळ उतरत नाही, वाकडी पळते. कात्रीचंही तसंच. उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं नकळत दोन्ही पाती एकमेकांवर दाबतात, डाव्या हातात तीच पाती फाकतात आणि कापड मध्ये दुमडतं. मापाच्या कपावरच्या खुणासुद्धा उजव्या हातात धरला तर आपल्याकडे, डाव्यात धरला तर भिंतीकडे. दहातला एक माणूस डावरा असतो म्हणतात. ही तिशीपर्यंत भिंतीकडच्या खुणा वाचत आली आणि कधी तक्रार केली नाही. मी मात्र महिनाभर वाकड्या ब्रेडबद्दल कुरकुरत होतो. असो. आता आमच्याकडे बिनदातेरी, दोन्ही अंगांनी धार लावलेली लांब सुरी आहे आणि एक डावरी कात्री. ती कात्री मी चुकून उचलली की मला पंधरा सेकंद कळत नाही, की आपलं काय चुकतंय.

आणखी एक कबुली. हिच्या आईने विणलेला एक स्वेटर होता, राखाडी, शुद्ध लोकरीचा. हिचा जीव की प्राण. घरकामात माझा वाटा म्हणून कपडे माझ्याकडे आले, तेव्हा मी उत्साहाने तो चादरींबरोबर मशीनमध्ये टाकला. साठ अंशांवर. स्वच्छ व्हावा म्हणून! बाहेर आला तो चार वर्षांच्या मुलाच्या मापाचा, आणि पुठ्ठ्यासारखा जाड. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे. गरम पाणी, साबण आणि घुसळण तिन्ही एकदम मिळालं की ते एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की मागे सरकत नाहीत. ही सगळी माहिती मी नंतर वाचली. त्या क्षणी मी बाथरूममध्ये उभा राहून स्वेटर दोन्ही हातांनी ताणत होतो. ही दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. ते मोठ्याने बोलली असती तर बरं, अशा प्रकारचं काही न बोलणं. दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. "दूध संपलंय." "आणतो."

तिसऱ्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर ही जमिनीवर बसून तो स्वेटर कापत होती. डावऱ्या कात्रीने. माझ्या पोटात गोळा आला. पण ती रागाने कापत नव्हती, खडूने नीट रेघा आखून कापत होती. आटलेल्या लोकरीची एक गंमत असते. विणकाम कापलं तर उसवतं, हे उसवत नाही. कापड नव्हे, नमदाच होतो त्याचा, म्हणजे तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेला लोकरीचा जाड थर. दोन बाह्यांची चार चौकोनी फडकी झाली, दुहेरी करून कडेने टाके घातले. आता गरम पातेली आम्ही त्यांनीच उतरवतो. लोकरीत हवा कोंडलेली असते म्हणून चटका लागत नाही. फक्त ओल्या हातांनी धरायचं नाही. पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, आणि हे मात्र मी वाचून नाही, बोटं भाजून शिकलो.

राहिलं धड. त्याचं काय करायचं हे दह्याने ठरवलं. आमचं दही लागतच नव्हतं. पहिल्यांदा मी उकळत्या दुधात विरजण घातलं, म्हणजे विरजणातले जंतू बिचारे उकडून काढले. मग उलट, गार दुधात घातलं, तर सकाळी दूध जसंच्या तसं. त्यांना चाळीस ते पंचेचाळीस अंशांची ऊब लागते. थर्मामीटर नसेल तर करंगळी दुधात बुडवायची. कोमट, हवीहवीशी वाटली आणि दहा आकडे मोजेपर्यंत बोट सुखाने राहिलं, की घाल विरजण. पण रात्रभर ती ऊब टिकणार कशी? पातेलं हातात घेऊन ही इकडेतिकडे बघत होती, आणि मग दोघांनाही एकदमच सुचलं. स्वेटरचं धड पातेल्याला असं बसलं की मापाने शिवलंय जणू. गळा वर, झाकण गळ्यातून बाहेर डोकावतंय. सकाळी दही असं लागलं होतं की पातेलं तिरकं केलं तरी हललं नाही. हिने आईला फोटो पाठवला. सासूबाईंचं उत्तर आलं, "स्वेटर कुणाला तरी झाला, हे बरं झालं." या वाक्यात क्षमा किती आणि टोमणा किती, हे मी अजून मोजतोय.

प्रायश्चित्त म्हणून मी म्हटलं, नवा स्वेटर मी विणून देतो. हस नकोस. ही म्हणाली, आधी मफलर विण. शिकवणार कोण? तीच. आणि इथे तिच्या डाव्या हाताने माझा सूड उगवण्याऐवजी मला तारलं. उजव्या हाताचा माणूस शिकवतो तेव्हा आपण त्याच्या शेजारी बसून, मान वाकडी करून बघतो. ही माझ्यासमोर बसली. तिचा डावा हात माझ्या उजव्यासमोर, आरशात बघावं तसं. ती जे करेल ते जसंच्या तसं करायचं. एका संध्याकाळी सुलट टाका आला, दुसऱ्या संध्याकाळी उलट. यापलीकडे विणकामात मुळाक्षरं नाहीतच म्हणे, पुढचं सगळं यांचीच जुळवाजुळव.

मग आम्ही शहाणपणा केला. एकाच मफलरवर दोघांनी आलटूनपालटून बसायचं ठरवलं, एक वीत तिची, एक वीत माझी. तीच लोकर, त्याच चार मिलिमीटरच्या सुया, तेच ४४ टाके. तिचा भाग २० सेंटिमीटर रुंद आला, माझा १७! मफलरला कंबर आली. ही हसून लोळली. पट्टी लावून मोजलं, तर दहा सेंटिमीटरमध्ये तिचे २२ टाके बसतात, माझे २६. माझा हात घट्ट आहे. टाका निसटेल या भीतीने मी धागा आवळून धरतो. "सैल सोड" असं ती सांगते आणि मी अजूनच आवळतो. शेवटी तिने उपदेश बंद केला आणि मला पाच मिलिमीटरच्या सुया दिल्या. आता माझेही २२-२३ येतात. हात तोच, आवळणंही तेच.

बाकी घर चाललंय. भांडी मी, ओटा ती. मी कपडे अजूनही करतो, लोकर सोडून. जेवायला काय करायचं, या प्रश्नावर सुरुवातीला रोज खटका उडायचा, कारण रोज मीच विचारायचो आणि मला वाटायचं की विचारलं म्हणजे मी कामात सहभागी झालो. ही एकदा म्हणाली, "स्वयंपाकाला वीस मिनिटं लागतात, ठरवायला दिवसभर डोकं लागतं. ते डोकं रोज माझंच का?" म्हणून आता सम तारखांना ती ठरवते, विषमला मी. एकतीस तारखेनंतर लगेच एक तारीख येते तेव्हा मला सलग दोन दिवस ठरवावं लागतं. हे तिने आधीच हेरलेलं होतं, मला पहिल्या एक तारखेला कळलं.

तर आता तुझ्याकडे एक काम आहे. तुझ्यासाठी टोपी विणायला घेतली आहे. तिच्यात आमचा नवा शोध वापरणार आहोत. मी उजवीकडून डावीकडे विणतो, ही डावीकडून उजवीकडे. म्हणजे माझी ओळ संपली की काम उलटवायचं नाही, सुया तशाच तिच्या हातात द्यायच्या. ती तिथूनच परत विणत येते, उलट टाका घालायची वेळच येत नाही. फक्त माझे टाके तिच्या बाजूने उलटे बसलेले असतात, म्हणून तिला सुई टाक्याच्या मागच्या पायातून, म्हणजे सुईमागे असलेल्या धाग्यातून घालावी लागते, नाहीतर टाका पिळतो. एका सोफ्यावर मांडीला मांडी लावून बसायला लागतं, आणि एकाने शिंकलं तर दुसऱ्याची ओळ चुकते.

तू फक्त डोक्याचा घेर कळव. टेप नसेल तर कपाळावरून, कानांच्या थोडं वरून दोरी गुंडाळ आणि ती पट्टीवर मोज. घट्ट आवळू नकोस आणि अंदाजे तर मुळीच सांगू नकोस. टोपी घेरापेक्षा तीन-चार सेंटिमीटर लहानच विणायची असते, म्हणजे ताणून नीट बसते. तू स्वतःहून "जरा सैलच" म्हणून वाढवून सांगितलंस तर ती डोळ्यांवर येईल. एक ओळ माझी, एक ओळ तिची, अशी ती होईल. जवळून बघितलंस तर कुठली कुणाची ते ओळखू येईल, माझी अजूनही जराशी घट्टच येते.

तुझा,
भातवाला

ता. क. टोपी मिळाली की गार पाण्यातच धू.