ठेच्याचे साठ रुपये दिले, सेवेचे एकशे चव्वेचाळीस परत हवेत

दिनांक: १२ फेब्रुवारी २०२६
नाशिक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

विषय: ७ फेब्रुवारी २०२६ रोजी तुमच्या हॉटेलच्या नाशिक शाखेत न विचारता लावलेला सर्व्हिस चार्ज परत मिळण्याबाबत

महोदय,

ही तक्रार मी रविवारीच तुमच्या ॲपवर केली होती. चार मिनिटांत उत्तर आलं. चार मिनिटांत माझी तक्रार वाचूनही होत नाही, त्यामुळे ती कुणी वाचली नाही हे उघड आहे. उत्तरात ‘तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं लिहून दोनशे रुपयांचं कूपन दिलंय. ते किमान दीड हजारांच्या बिलावर चालतं. म्हणजे माझी तक्रार मिटवायला मीच आणखी तेराशे रुपये खर्च करायचे. कूपन मी वापरलेलं नाही, वापरणारही नाही. म्हणून हे कागदावरचं पत्र, रजिस्टर्ड पोस्टाने.

शनिवारी आमच्या लग्नाचा बत्तिसावा वाढदिवस होता. मुलगा बाहेरगावी असतो, त्याने फोनवरूनच तुमच्याकडे टेबल बुक केलं. आम्ही साडेआठला पोचलो. बसल्याबसल्या पाण्याच्या दोन बाटल्या उघडून समोर ठेवल्या. मी म्हटलं, साधं पाणी चालेल. उत्तर आलं, ‘मॅडम, इथे बॉटलच असते.’ वीस रुपये छापलेली बाटली तुमच्याकडे साठला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हॉटेलात बसून पिण्याच्या पाण्याला छापील किमतीचं बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे, तो मला माहीत आहे. तक्रार एवढीच की नको म्हणायच्या आत झाकण उघडलेलं होतं. आणि फिल्टर तिथेच होता. वेटरचं काम करणारी मुलं त्यातूनच पाणी पीत होती.

जेवण चांगलं होतं. भाकरी गरम होती, फुगलेली होती. ठेच्याला वेगळे साठ रुपये लावलेत, हे मात्र मला नाशिकमध्ये बसून पचवायला जरा वेळ लागला. पण ते मेन्यूवर लिहिलेलं होतं आणि मागवला आम्हीच, त्यामुळे तोही विषय सोडते.

मग बिल आलं.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्म्याहून जास्त कॅश काउंटरवर. बिल हातात आलं की नजर आधी खाली बेरजेवर जाते आणि तिथून वर चढते. पदार्थांची बेरीज १,४४० रुपये, बरोबर. त्याखाली ‘एस. सी. १० टक्के’, म्हणजे सर्व्हिस चार्ज, म्हणून १४४. मग त्या १,५८४ वर पाच टक्के जीएसटी, ७९ रुपये २० पैसे. राउंड ऑफ करून १,६६३. सर्व्हिस चार्ज नसता तर जीएसटी ७२ रुपये झाला असता आणि बिल १,५१२. म्हणजे तुम्ही नुसता सर्व्हिस चार्ज घेतला नाहीत, त्याच्यावर सरकारचा करही माझ्याकडून वसूल केलात. फरक १५१ रुपये. वीस पैसे तुम्ही स्वतःच सोडलेत, ते मी धरत नाही.

सुपरवायझरना बोलावून मी शांतपणे विचारलं, हा चार्ज काढता येईल का? ते म्हणाले, ‘कंपल्सरी आहे, मॅडम.’ मी म्हटलं, कंपल्सरी करता येत नाही. त्यावर कानातलं यंत्र चाचपत, शेजारच्या दोन टेबलांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, ‘परवडत नसेल तर मेन्यूच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं, ते वाचून मग ऑर्डर द्यायची.’ शेजारच्या टेबलावर आमच्या सोसायटीतलं कुटुंब बसलेलं. त्यांनी लगेच मान खाली घालून पापड मोडायला घेतला.

शेवटच्या पानावर ते खरंच लिहिलेलं आहे. मुंगीएवढ्या अक्षरात. मी चष्मा लावून वाचलं, यजमानांनी मोबाइलचा टॉर्च धरला.

आता यजमानांबद्दल. हे स्वभावाने ‘जाऊ दे गं’ पंथाचे. माझं भांडण अर्ध्यावर असतानाच यांनी क्यूआर स्कॅन करून पैसे भरून टाकले. ‘पेमेंट सक्सेसफुल’ असा आवाज आला आणि सुपरवायझर हसले. त्या हसण्याचा अर्थ मला कळला. पैसे भरले म्हणजे मान्य केलं, असं कृपया तुम्हीही समजू नका. लोकांसमोर अजून काही ऐकायला नको म्हणून ते भरले गेले.

तुमच्या कायदा विभागाला माहीत असेलच, तरी लिहून ठेवते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज जोडायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, ग्राहकावर सक्ती करायची नाही, तो ऐच्छिक आहे हे स्पष्ट सांगायचं, आणि जेवणाच्या बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. तुमच्या नाशिक शाखेच्या एका बिलात यातल्या बहुतेक गोष्टी मोडलेल्या सापडतात. शिवाय ‘एस. सी.’ हे नाव. सामान्य माणसाला ते एसजीएसटीचंच, म्हणजे राज्याच्या जीएसटीचंच, भावंड वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. गेल्या डिसेंबरात आम्ही पुण्याला तुमच्याच शाखेत जेवलो होतो. हाच मेन्यू, हीच पितळी वाटी, हाच साठ रुपयांचा ठेचा. तिथल्या कॅप्टनने बिल छापण्याआधी विचारलं, ‘सर्व्हिस चार्ज ठेवू की काढू?’ काढा म्हटलं, काढला. ते बिलही सोबत जोडलंय. शनिवारी मी हे सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘नाशिकची पॉलिसी वेगळी आहे.’ परगावी आम्ही पाहुणे आणि आमच्याच गावात आम्हाला परवडत नाही, ही कोणती पॉलिसी?

निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं बरंच फिरतो आणि फिरताना मुख्यतः जेवतो. हॉटेलची बिलं मी एका जुन्या डायरीत चिकटवून ठेवते, सवय जात नाही. कोल्हापूरच्या एका खाणावळीत यांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी एकदा रिकामी केली, ती मग रिकामी होऊच दिली नाही. ‘लाजताय काय, घ्या की!’ असं वाढणाऱ्याने दटावलं. मालवणात एका घरगुती खाणावळीत मावशींनी ‘भात व्हयो काय?’ विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाढला. मदुराईच्या मेसमध्ये आम्हाला तमिळ येत नव्हतं, त्यांना मराठी. जेवण झाल्यावर केळीचं पान आपल्या बाजूला दुमडायचं असतं, हे तिथल्या म्हाताऱ्या वाढप्याने स्वतःच्या हाताने करून दाखवलं. यापैकी कुणीही सेवेची टक्केवारी लावली नव्हती. सगळीकडे सगळं गोडच होतं असंही नाही. एका देवस्थानच्या गावी चहाच्या कपाला चाळीस रुपये घेतले आणि चहा पाण्यासारखा होता. पण तो चाळीसचा कप पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. आम्ही वाचला, प्यायलो, आमची चूक.

लांब कशाला, इथे नाशकात रविवारी सकाळी मिसळ खायला जा. पापड येतो, दही येतं, रस्सा संपला की पोरगं किटली घेऊन उभं. ‘काका, तर्री कमी की जास्त?’ त्या रश्श्याचा हिशोब कुठल्याही बिलात नसतो. तुम्ही महाराष्ट्राच्या आदरातिथ्याच्या जाहिराती करता म्हणून ही आठवण.

आता टिपबद्दल, कारण तुम्ही म्हणाल की हे लोक कंजूष. आम्हाला वाढणारा मुलगा पेठ तालुक्यातला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. भाकरी गार झाली म्हणून न सांगता बदलून आणली त्याने. मी शंभराची नोट त्याच्या हातात दिली. त्याने आधी काउंटरकडे पाहिलं, मग नोट तिथल्या डब्यात टाकली. मी विचारलं, बिलातल्या सर्व्हिस चार्जमधलं तुला काही मिळतं का? तो फक्त हसला आणि टेबल पुसायला लागला. त्याचं नाव मला माहीत आहे, मुद्दाम लिहीत नाही. या पत्रामुळे त्याची ड्यूटी बदलली किंवा पगार कापला, असं कळलं तर ती दुसरी तक्रार असेल. ज्या सेवेसाठी मी आनंदाने शंभर दिले, तिच्यासाठी तुम्ही माझ्याकडून १४४ परस्पर काढून घेतलेत, माझं भांडण एवढ्यापुरतंच आहे.

तेव्हा १५१ रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा. कूपन, पॉइंट, वॉलेट असलं काही नको. नाशिक शाखेत ग्राहकाला विचारल्याशिवाय हा चार्ज लागणार नाही आणि मागितलं तर साधं पाणी मिळेल, हे मला लेखी कळवा. सुपरवायझरनी माफी मागावी असा माझा आग्रह नाही, त्यांना कुणीतरी वरून ‘कंपल्सरी सांग’ म्हणून शिकवलं असणार. ज्याने शिकवलं त्याने मागितली तर चालेल. पुढच्या वर्षी सिंहस्थाला देशभरातून माणसं इथे येतील. त्यांनी तुमच्या दारातून ‘नाशिकची पॉलिसी वेगळी’ हे वाक्य घेऊन घरी जावं, हे मला नाशिककर म्हणून आवडणार नाही.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार, आणि तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. एवढ्या लहान रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, हे मी पाहून ठेवलं आहे. वेळ भरपूर आहे, निवृत्त आहे.

सोबत शनिवारच्या बिलाची प्रत, पुण्याच्या बिलाची प्रत आणि मेन्यूच्या शेवटच्या पानाचा मोठा करून छापलेला फोटो जोडला आहे.

आपली,
एक ग्राहक, नाशिक

ता. क. भरलं वांगं खरंच उत्तम होतं. हे लिहायलाच हवं असं यजमानांचं म्हणणं पडलं. ते अजूनही ‘जाऊ दे गं’ म्हणतायत, पण पत्र पोस्टात टाकायला तेच निघालेत.