५ डिसेंबर : कॅप्टन सालारिया स्मृतिदिन

सर्व सभासदांना जय हिंद.

येत्या ५ डिसेंबरला संध्याकाळी ६ वाजता मारुती मंदिराशेजारच्या हॉलमध्ये जमायचं आहे. मेडल लावून या.

गेल्या खेपेला एकानं विचारलं, "ते आपल्या मराठा रेजिमेंटचे नव्हेत, मग आपण कशाला?" नव्हेतच. कॅप्टन गुरबचन सिंग सालारिया ३/१ गोरखा रायफल्सचे, म्हणजे पहिल्या गोरखा रायफल्सच्या तिसऱ्या बटालियनचे. पण १९६१ साली काँगोत, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना, एलिझाबेथव्हिलजवळ रस्ता अडवून बसलेल्या सुमारे ९० सशस्त्र बंडखोरांवर ते १६ जवान घेऊन तुटून पडले. संगिनी, खुकऱ्या, हातबॉम्ब! मानेत गोळी लागली तरी कोसळेपर्यंत लढत राहिले. वय २६. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. आपले नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत पडले, त्यांना जुलैत आठवतो तसंच हे.

फोटोची काच तडकली होती, बदलायला दिली आहे. कुणाकडे आफ्रिकेचा मोठा नकाशा असेल तर आणा, पोरं "काँगो कुठं आलं?" विचारतात आणि आपण भिंतीकडं बोट दाखवतो.

भाषण एकच, दहा मिनिटांचं. मागं चहा पार गार झाला होता.

– सेक्रेटरी