तक्रार: तीन विंग्जचे चुकीचे वर्णन आणि एका अस्सल विंगचे न मागता केलेले नुकसान

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
लष्करी संग्रह व लिलाव विभाग

विषय: ‘दुसऱ्या महायुद्धातील अस्सल विंग्ज’ या नावाने विकलेल्या चार नगांबाबत

महोदय,

आपल्या जून महिन्याच्या लिलावात आम्ही दोघांनी मिळून वैमानिकांच्या चार विंग्ज (गणवेशावर छातीला लावायचे पंखांच्या आकाराचे बिल्ले) घेतल्या: ब्रिटिश रॉयल एअर फोर्सची कापडी (६,००० रुपये), रॉयल इंडियन एअर फोर्सची (९,५०० रुपये), अमेरिकन लष्करी हवाई दलाची चांदीची (११,००० रुपये) आणि त्याच दलाची, भारतात जरीत भरलेली (१५,००० रुपये). एकूण ४१,५०० रुपये. चारही नगांसोबत ‘युद्धकालीन, अस्सल’ असे आपले प्रमाणपत्र आहे. पार्सल उघडल्यापासून प्रत्येक नगाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि मोजमापे आम्ही ठेवली आहेत. ती या पत्राला जोडली आहेत.

चारपैकी दोन नग नकली आहेत. तिसरा खरा आहे, पण त्याचे वर्णन खोटे आहे. चौथा, म्हणजे जरीचा, अस्सल होता, आणि तो आपल्या कार्यशाळेने बिघडवला. आमची मुख्य तक्रार या चौथ्याबद्दल आहे. तरी आधी बाकीच्या तिघांचे सांगतो.

कापडी विंगवर आपण ‘१९४०’ असे साल दिले आहे. माळेवरचा मुकुट पाहा. त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या आहेत. हा सेंट एडवर्ड धाटणीचा मुकुट. तो राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९५२ नंतर आला. युद्धकाळात राजे सहावे जॉर्ज होते आणि बिल्ल्यांवर घुमटासारख्या गोल कमानींचा ट्यूडर मुकुट असे. हे आपल्या संकेतस्थळावरच्या फोटोतही दिसायला हवे होते, पण तिथे नेमका मुकुटाचा भाग उजेडाने उडालेला होता. मागून सुटलेला तीन-चार मिलिमीटरचा एक धागा ज्योतीजवळ धरला, तर तो आकसून त्याची टणक गोळी झाली. रेशीम किंवा लोकर असती तर केस जळल्याचा वास येऊन बोटाने चुरडणारी राख उरली असती. हा कृत्रिम धागा आहे, बहुधा पॉलिस्टर. पॉलिस्टरचा शोध १९४१ चा, आणि कापडात तो सर्रास आला तो युद्धानंतर.

इथे एक गोष्ट आपल्या तपासनिसांनी लक्षात ठेवावी. राजे तिसरे चार्ल्स यांनी २०२२ मध्ये पुन्हा ट्यूडर धाटणीचा मुकुट निवडला. त्यामुळे यापुढे नव्या बिल्ल्यांवरही गोल कमानी दिसतील, आणि ‘ट्यूडर मुकुट आहे म्हणजे युद्धकाळचा’ हा सोपा नियम निकामी होईल. धागा, अस्तर आणि टाके तपासल्याशिवाय आपण साल छापू नये.

आरआयएएफची (रॉयल इंडियन एअर फोर्सची) विंग खरी आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. मुकुट योग्य, धागा आजच्या धाग्यांसारखा अतिनील दिव्याखाली निळसर चमकत नाही, मागचे टाके जुने. पण आपण तिला ‘बर्मा आघाडी, १९४२’ म्हणता. १९४२ च्या सुरुवातीला बर्मात के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली लायसँडर विमाने उडवणारी क्रमांक १ स्क्वाड्रन ही ‘इंडियन एअर फोर्स’ची होती. ‘रॉयल’ हे बिरुद मार्च १९४५ मध्ये मिळाले आणि २६ जानेवारी १९५० ला गेले. म्हणजे ‘आर’ अक्षर असलेली विंग या पाच वर्षांतली. त्यात युद्धाचे दिवस मार्च ते ऑगस्ट १९४५, जेमतेम सहा महिने. ती त्या सहा महिन्यांतली असेलही. पण तसे दाखवणारा एकही पुरावा आपण दिलेला नाही, आणि १९४२ ची तर ती असूच शकत नाही. लिलावात बोली चढली ती ‘बर्मा आघाडी, १९४२’ या तीन शब्दांमुळे.

चांदीच्या विंगेवर मागे ‘स्टर्लिंग’ (९२.५ टक्के चांदी) असा शब्द आणि न्यूयॉर्कच्या मेयर कंपनीची ढालीची खूण आहे. दोन्ही मऊ, कडा वितळल्यासारख्या. मेयरच्या विंग्ज पोलादी ठशाखाली दाबून काढलेल्या असत. तशा विंगेत पिसांच्या रेषा तळापर्यंत धारदार असतात. आपल्या नगात दहापट भिंगाखाली रेषांच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. ओततानाच्या हवेचे ते बुडबुडे. कडेने कानशीने घासलेली शिवण आहे. टोकापासून टोकापर्यंत रुंदी ७४.४ मिलिमीटर भरते. तीन इंची विंग ७६ च्या आसपास असते, आणि अस्सल नगावरून साचा करून ओतलेला धातू गार होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळ नगापेक्षा किंचित लहानच निघते.

रुंदीत कारखान्यागणिक थोडा फरक पडतो, म्हणून आम्ही घनताही काढली. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वजन १४.६२ ग्रॅम. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून, काटा शून्यावर आणून, विंग बारीक दोऱ्याने पाण्यात अशी सोडली की ती तळाला आणि काठाला टेकणार नाही, काटा १.९८ दाखवतो. हे विंगेच्या आकारमानाएवढ्या पाण्याचे वजन; १४.६२ ला त्याने भागले की घनता येते ७.४. स्टर्लिंग चांदीची घनता १०.३ च्या पुढे असते. हीच विंग चांदीची असती तर काट्याने १.४२ दाखवले असते. मागची पिन आणि तिची कडी चांदीची नसली तरी त्यांच्यामुळे एवढा फरक पडत नाही. कथलाच्या मिश्रधातूची घनता बरोबर या आसपास असते. विंग पाण्यात सोडताना पिनेखाली हवेचा बुडबुडा अडकला तर आकडा चुकतो, म्हणून कुंचल्याने बुडबुडे काढून तीनदा मोजले.

नग ओतीव आहे म्हणून तो नकली, असे आमचे म्हणणे नाही. युद्धकाळात ऑस्ट्रेलियात आणि भारतातही चांदीच्या ओतीव विंग्ज झाल्या, आणि त्यांना आज चांगला मान आहे. पण अमेरिकन ठशाच्या कारखान्याची खूण, ओतीव अंग आणि कथलाची घनता हे तिन्ही एकाच अस्सल नगात असू शकत नाही.

आता जरीची विंग. आसाममधल्या तळांवरून हिमालय ओलांडून चीनकडे जाणारे आणि कलकत्ता-कराचीत उतरणारे अमेरिकन वैमानिक इथल्या जरदोसी कारागिरांकडून अशा विंग्ज भरून घेत. खाली पुठ्ठा किंवा सुती दोरीचे भरण, त्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार (जरदोसीवाले तिला सलमा म्हणतात) तुकडे कापून मण्यांसारखी ओवलेली, मागे सुती कापड आणि खळीने चिकटवलेला कागद. तार तांब्याची, वर चांदीचा पातळ मुलामा. वर्षे जातात तशी ती करडी, मग तपकिरी-काळी होते. आजच्या बऱ्याच नकलांत धातूचा थर दिलेले प्लॅस्टिकचे धागे असतात. ते असे काळवंडत नाहीत. म्हणून तो काळवंडलेला रंग म्हणजे मळ नव्हता, तो पुरावा होता. आणि त्याहून मोठा पुरावा होता मागची बाजू. लिलावातल्या आपल्याच फोटोत ती शाबूत दिसते: पिवळा पडलेला कागद, सुती कापड, आणि सदऱ्याला टाकलेल्या टाक्यांची भोके. ते पाहूनच आम्ही १५,००० पर्यंत गेलो.

हाती आले ते असे: मागचे कापड व कागद धारदार पात्याने कापून काढलेला, उरलेली जर गरम गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवलेली, आणि समोरून सगळी चकचकीत. पिसांच्या उंचवट्यांवर लालसर तांबे उघडे पडले आहे. ‘चांदी काळी पडली होती, म्हणून सौजन्य म्हणून स्वच्छ करून फ्रेमसाठी बसवून दिली’ असे आपल्या ग्राहक सेवेने ईमेलने कळवले. ही सेवा आम्ही मागितली नव्हती. मागितली असती, तरी असे करायला नको होते. चांदी उजळण्याच्या द्रावणात आम्ल आणि थायोयुरिया नावाचे रसायन असते. भांड्याला लावून ते द्रावण धुता येते. जरीत ते सुती गाभ्यात आणि भरणात शिरते. धुवायला जावे तर खळी सुटते, पुठ्ठा फुगतो. न धुवावे तर आतले आम्ल तार खातच राहते. गरम गोंद कापडाच्या विणीत उतरला आहे. आता तो ओढला तर टाके तुटतील. गेलेला मुलामा परत येत नाही.

चारही विंग्ज ज्या मऊ पारदर्शक पाकिटांत आल्या, ती पीव्हीसीची आहेत. तांब्याची तार लाल तापवून पाकिटाला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली की ज्योत हिरवी होते; ही पीव्हीसीतल्या क्लोरीनची खूण. पीव्हीसी कालांतराने आम्ल सोडते, आणि तांबे असलेल्या वस्तूवर हिरवा चिकट थर चढतो. त्यात पाकिटांना रबरबँड. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते, म्हणजे आधी उजळायची आणि मग काळी होईल अशा बंदोबस्तात पाठवायची. पॉलिथिनचे साधे पाकीट आणि आम्लविरहित कागद यांना फार खर्च येत नाही. पावसाळ्यात पाठवताना सिलिका जेलची एक पुडी पुरते.

‘कापडी वस्तू उघडल्यावर परत घेतली जाणार नाही’ हे आपले कलम इथे लागू होत नाही, कारण वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास आम्ही राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाऊ.

कापडी आणि चांदीची म्हणून विकलेली, या दोन विंग्जचे १७,००० रुपये परत करावेत, आणि त्या पुन्हा विकायच्या झाल्यास मागच्या बाजूला न पुसणारी ‘प्रतिकृती’ अशी खूण करूनच विकाव्यात. आरआयएएफची विंग आम्ही ठेवू. प्रमाणपत्रावर ‘१९४५ ते १९५०’ अशी दुरुस्ती करावी आणि किमतीतला फरक द्यावा. जरीच्या विंगेचे पूर्ण १५,००० रुपये द्यावेत. ती आम्ही परत पाठवणार नाही, कारण ती पुन्हा त्याच कार्यशाळेच्या टेबलावर जाऊ नये.

आणि एक विनंती आजच अमलात आणावी. त्या विंगेचे कापून काढलेले कापड आणि कागद अजून आपल्या कचऱ्याच्या टोपलीत किंवा टेबलाच्या खणात असतील, तर ते फेकू नका. धुऊ नका, चिकटवू नका, सरळही करू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून, पॉलिथिनच्या पाकिटात, जेवढे तुकडे सापडतील तेवढे पाठवा. टाक्यांची भोके त्या कापडावर आहेत.

कळावे,
आपले दोन ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, चार प्रमाणपत्रांच्या प्रती, लिलावातील फोटो, पार्सल उघडतानाचे फोटो, वजन व मोजमापांचा तक्ता