किनाऱ्याला साजेशी झाडे

माननीय संपादक,

समुद्राला लागून असलेल्या फिरण्याच्या मार्गावर काही वर्षांपूर्वी लावलेली रोपे आता डोक्याच्या वर गेली असून सकाळी उशिरा आलेल्यालाही सावलीतून चालता येते. ती लावणाऱ्यांचे, आणि त्याहून अधिक ती जगवणाऱ्यांचे, मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार पानांवर सुकतात, त्यातील क्षारांमुळे पानांच्या कडा करपतात आणि समुद्राकडील कोंब पुन्हा पुन्हा जळत राहिल्याने झाड एकाच अंगाला वाढते. शिवाय वाळूत पाणी टिकत नाही. त्यामुळे इतरत्र डौलाने वाढणारी कितीतरी झाडे अशा जागी लवकरच मान टाकतात. हे ओळखून येथे उंडी, करंज आणि पारसपिंपळ अशी मुळातच किनाऱ्यावर रुळलेली झाडे निवडली गेली, याचे मला विशेष कौतुक वाटते. उंडीची जाड, चकचकीत पाने खारा वारा सोसतात. तिच्या बियांच्या तेलावर एके काळी दिवे जळत असत. पारसपिंपळाचे सकाळी पिवळे असलेले फूल कोमेजताना तांबूस होते, आणि दोन्ही वेळा फिरायला येणाऱ्याला एकाच फांदीवर हे दोन्ही रंग पाहायला मिळतात.

निवड चांगली असली तरी पहिली दोन-तीन वर्षे निगा राखावीच लागते. उन्हाळ्यात रोपांना गोडे पाणी घालताना पानांवर साचलेले मीठही धुऊन काढणारे कर्मचारी मी अनेकदा पाहिले आहेत. खोड आधाराच्या काठीला सैल बांधल्याने ते वाऱ्यात थोडे हलत राहिले आणि त्यामुळेच बळकट झाले. बुंध्याभोवतीची माती फरशीने झाकली नाही, हेही मोठे शहाणपणाचे काम झाले, कारण मुळांना हवा आणि पावसाचे पाणी तेथूनच मिळते.

पुढे मार्गाची दुरुस्ती होईल तेव्हा ही आळी बुजवू नयेत आणि रोषणाईसाठी खोडांत खिळे ठोकू नयेत, एवढी विनंती आहे. वादळी वाऱ्यात दोन रोपे गेली, त्यांची आळी अजून रिकामी आहेत. येत्या पावसाळ्याच्या आरंभी तेथे पुन्हा उंडीच लावावी.

आपला,
रोज या मार्गावर फिरणारा एक ज्येष्ठ वाचक